कामगार माणूस मत कोणाला देतो आणि काऊन देतो, यावर जरा नीट बोलायचं आहे (नागपूर)

हिंगणा_शिफ्ट · रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं होतं, आज लिहूनच टाकतो. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे, चौदा वर्षं झाली. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला त्या दिवशी दुपारचे बारा वाजायच्या आत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं, पंधराशे रुपयांत विकले गेले, यांना फुकटचं खायची सवय लागली, टॅक्स आपण भरायचा आणि सरकार यांनी निवडायचं. मी काही बोललो नाही तेव्हा, पण रात्रभर ते मनातून गेलं नाही. कारण सहाच महिने आधी लोकसभेला विदर्भातल्या दहापैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या होत्या, आणि तेव्हा दुसऱ्या बाजूचे लोक याच माणसांबद्दल बोलत होते की संविधान बदलणार म्हणून कोणीतरी भीती घातली आणि हे अडाणी लोक भ्याले. म्हणजे जिंको कोणीही, गरिबानं स्वतःच्या डोक्यानं मत दिलं असं म्हणायला कोणीच तयार नाही. एका निवडणुकीत तो भितो आणि दुसऱ्यात विकला जातो.

आता माझ्या लाइनवरचा एक माणूस सांगतो. नाव नाही सांगत, वय अडतीस. गाव उमरेडकडे, घरची दीड एकर सोयाबीन, इथे वानाडोंगरीत खोली करून राहतो. अकरा वर्षांपासून एकाच मशीनवर आहे, पण कागदावर ती अकरा वर्षं कुठेच नाहीत. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार कार्ड जमा करून घेतो, आठ-दहा दिवस घरी बसवतो, मग नवीन कार्ड, नवीन नंबर. ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं, मशीन तेच आणि माणूसही तोच. मशीनच्या बॉडीवर तळहात ठेवून तो सांगतो की आतलं बेअरिंग दोन दिवसांत जाणार, आणि खरंच जातं, मी कितीदा पाहिलंय. त्याच मशीनवर रात्रपाळीला येणारा पक्का ऑपरेटर मशीन याच्याकडूनच शिकला आणि त्याचा पगार याच्या दुपटीपेक्षा जास्त आहे.

पण पैशांपेक्षा त्याला लागतं ते कँटीनचं. पहिली पंगत पक्क्यांची, मग ठेकेदारीवाल्यांची, आणि तोवर भाजी संपलेली असते किंवा नुसता रस्सा उरतो. त्यामुळे तो डबाच घेऊन येतो आणि गेटच्या बाहेर कडुनिंबाखाली बसून खातो, उन्हाळ्यात पण. एकदा मी म्हटलं आत बस ना, तर म्हणाला, "सायेब, इथं कोणी उठ म्हणत नाही."

मतदानाचं विचारलं तर म्हणे जो पोट्ट्याले कुठं चिकटवून देईन त्याले. आता याला तुम्ही लाचारी म्हणा. मला तर त्यात अकरा वर्षांचा हिशोब दिसतो, की कायद्यानं काही मिळालं नाही, युनियन ठेकेदारीवाल्यांना सभासद करून घेत नाही, मग उरलं कोण, तर ओळखीचा माणूस. आणि मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायला पाहिजे असा कायदाच आहे, पण याला त्या दिवसाची रोजी मिळत नाही. तो स्वतःची एक दिवसाची रोजी बुडवून मत द्यायला गेला. माझ्या सोसायटीतले किती जण त्या बुधवारी पचमढीला गेले होते ते मला माहीत आहे.

अजून एक. लहानपणी निवडणूक आली की 'कामगार' हा शब्द कानावर यायचाच, भिंतीवर, रिक्षाच्या भोंग्यावर, पत्रकात. मागच्या प्रचारात आमच्या लाइनवरच्या लोकांच्या बायकांना न्यायला गाड्या आल्या त्यांच्यावर 'लाभार्थी मेळावा' लिहिलं होतं. सगळ्या पार्ट्यांचा तोच शब्द झालाय आता. कामगार मागायला यायचा, हा लाभार्थी म्हणजे यादीत नाव असलेला माणूस, याला कोणी काही विचारत नाही, फक्त बोलावतात.

तर विचारायचं हे की कामगार माणसाचं मत खरंच पैशाच्या काळजीवर ठरतं का, अजून कशावर ठरतं, आणि आपण चार बुकं शिकलेले लोक त्याच्याबद्दल असं काऊन बोलतो. आपापला अनुभव सांगा, चॅनलवरचं नको.

---

बुटीबोरी_युनिट · रात्री १०:५८

भाऊ, 'विकले गेले' म्हणणाऱ्यांत मी पण होतो म्हणून मीच पहिला लिहितो. माझं फॅब्रिकेशनचं लहान युनिट आहे, चौदा माणसं. वडिलांनी एक वेल्डिंग मशीन घेऊन सुरू केलं होतं, त्यामुळे गरिबी काय असते ते मला कोणी शिकवू नये.

माझं दुखणं समजून घ्या. जून २०२४ च्या बजेटमध्ये लाडकी बहीण आली, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील म्हणाले. निवडणुकीत महायुतीवाले म्हणाले २१०० देऊ, आघाडीवाले म्हणाले ३००० देऊ, लिलावात बोली लागते तसं. मार्च २०२५ चं बजेट आलं तर त्यात ३६ हजार कोटी, आणि २१०० चा पत्ता नाही. आणि इकडे मी एका सरकारी कामाचं गेट आणि ग्रील बनवून दिलं त्याचं बिल नऊ महिने अडकून पडलं होतं. दर महिन्याला फाइल कुठे आहे ते पाहायला जायचो, बाबू म्हणायचा निधी नाही. दिवाळीला मला बोनस अर्धाच देता आला. म्हणजे माझ्याच वेल्डरच्या घरी बायकोच्या खात्यात पंधराशे आले आणि त्याच घरात बोनसचे चार हजार कमी आले. हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणे मालक कंजूष झाला.

आणि मोठ्या गोष्टी पहा. मिहानचं, म्हणजे विमानतळाजवळच्या त्या मोठ्या औद्योगिक प्रकल्पाचं, ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले. शिवणगाव, खापरी, तेल्हाऱ्याच्या लोकांनी जमिनी दिल्या त्याला वीस वर्षं होत आली. २०२२ च्या सप्टेंबरात उद्योगमंत्री म्हणाले टाटा-एअरबसचं विमान मिहानमध्ये बनणार, आणि ऑक्टोबरात कळलं ते बडोद्याला चाललं. असा एक प्रकल्प आला असता तर माझ्यासारख्या शंभर युनिटांना काम मिळालं असतं आणि तुमच्या त्या अडतीस वर्षांच्या माणसाच्या पोट्ट्याला पण. याचा जाब मतपेटीत कोणी विचारला? कोणीच नाही. म्हणून मी चिडतो. मत देताना माणसानं पुढच्या पाच वर्षांचा तरी विचार करावा, एवढंच म्हणणं आहे माझं.

---

रामबागची · रात्री ११:३१

@बुटीबोरी_युनिट दादा, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मी पण खरं लिहिते.

माझी आई धरमपेठ आणि लक्ष्मीनगर मिळून पाच घरी धुणीभांडी करते, मी लहान होते तेव्हापासून. सकाळी साडेसहाला निघते, दुपारी तीनला येते. बायकांच्या गटाचं कर्ज आहे तिच्यावर, तुम्हाला माहीत असेल, दहा जणींचा गट, एकीनं हप्ता नाही भरला तर बाकी नऊ जणींनी भरायचा. दर मंगळवारी वसुलीवाला येतो. कोणी चुकलं तर सगळ्या बायकांना तिच्या दारात बसवून ठेवतो, रात्रीचे नऊ वाजले तरी उठू देत नाही, आणि ज्या बसतात त्या सगळ्या शेजारणी, उद्या नळावर तोंड दाखवायचं असतं. पाच वर्षांचा विचार करावा म्हणता, बरोबर आहे, पण माझ्या आईचा विचार मंगळवारपर्यंतच पोचतो, आणि मंगळवार झाला की पुढच्या मंगळवारपर्यंत.

ऑगस्ट २०२४ मध्ये राखीच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३००० आले. आई बँकेतून घरी आली ती चष्मा करूनच आली. दोन वर्षांपासून सुईत दोरा ओवायला मला किंवा शेजारच्या पोट्टीला हाक मारायची, बसचा नंबर लोकांना विचारायची, पण चष्मा करू म्हटलं की पुढच्या महिन्यात पाहू म्हणायची, आणि बाबांकडे पैसे मागायचे म्हणजे काय होतं ते इथं नाही लिहीत. पहिल्यांदा तिनं पैसे खर्च केले आणि घरात कोणाला विचारलं नाही. चष्मा घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बापा, किती म्हातारी झाली मी."

आता ऐका पुढचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती एका घरी गेली तर मॅडम म्हणाल्या आता काय, तुमचंच राज्य आलं. आई हसली. आणि त्याच दिवशी तिनं दोनशे रुपये वाढवून मागितले, कारण तीन वर्षांपासून तिथे भांडी-कपड्याचे अठराशेच मिळतात. मॅडम काय म्हणाल्या सांगू? "तुला मिळतात ना आता पंधराशे."

पाच घरांपैकी तीन घरी हेच उत्तर मिळालं. सरकारनं दिलेले पैसे असे तिच्या पगारातून कापले गेले, आणि कापणारे तेच लोक आहेत जे ग्रुपवर लिहितात की आमचा टॅक्स यांना जातो.

आणि ते मिळणं पण सोपं नाही राहिलं. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी लावली, नवऱ्याचा नाही तर बापाचा आधार टाका, त्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, बाप तर त्याच्याही आधी गेला. त्या मला विचारत होत्या की ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येईल. मी त्यांच्या बाजूला मोबाइल धरून बसले होते, मला उत्तर देता आलं नाही.

मत कोणाला दिलं म्हणून मी आईला विचारलं होतं. म्हणाली, "ते माहं मी ठरवलं. तुले बी नाई सांगत, तुया बापाले बी नाई." मला आजपर्यंत माहीत नाही. ज्यांना वाटतं ती विकली गेली त्यांना तरी कसं माहीत?

---

भोंगा_१८७७ · सकाळी ६:०५

मी रिटायर मानूस, नातवानं टायपिंग शिकवलं, चुका झाल्या तं माफ करा. एम्प्रेस मिलमंदी होतो मी, स्पिनिंग खात्यात. माहा बाप बी तिथंच. १ जानेवारी १८७७ ले जमशेटजी टाटानं चालू केली ते मिल, नागपुरातली पह्यली. भोंगा वाजला का अर्ध्या शहराचं घड्याळ लागे. अपघात झाला तं भरपाई, म्हातारपनाचा फंड, हे सरकारचे कायदे याच्या आधीपासून मिलमंदी होतं असं बाप सांगे. मी १९७१ ले लागलो. १९८६ ले टाटानं सोडली, सरकारच्या महामंडळानं घेतली, आनि २००२ ले कायमची बंद. तवा मी एकोनपन्नास वर्षांचा होतो. पोरगी लग्नाची, पोरगं बारावीले.

हिंगण्याच्या भाऊनं इचारलं का कामगार शब्द कुठं गेला, मी सांगतो. तवा पार्टीवाले गेटवर येत. पाळी सुटली का गेट मीटिंग. आमचे लाल बावटेवाले येत, काँग्रेसच्या युनियनचे इंटकवाले येत, भारतीय मजदूर संघाचे, म्हंजे बीएमएसवाले येत. बीएमएस काढनारे दत्तोपंत ठेंगडी आपल्या आर्वीचे, १९५५ ले काढली त्यायनं. ए. बी. बर्धन १९५७ ले नागपुरातून अपक्ष आमदार झाले ते कामगारांच्या मतावर, बाप त्याच्या सभेतले किस्से सांगे. आमी भांडत होतो, तीन झेंड्याचे तीन गट, पन बोनसचा सवाल आला का तिन्ही एका बाजूनं उभे राहत. नेत्याले गेटवर उभं राहून हजार मानसाच्या सवालाचं उत्तर द्या लागे. कोनी मागून ओरडे, मागच्या वेळेस काय सांगतलं होतं सायेब? घाम फुटे त्यायले.

आता गेटच नाई राह्यलं तं येतील कुठं? मंग घरी येतात, बायकांचे फॉर्म भरून घ्याले. घरात एकटं मानूस काय सवाल इचारन? चहा पाजते आनि सही करते. हा फरक हाय.

मले पीएफवाली ईपीएस पेन्शन महिन्याले अकराशे चाळीस रुपये भेटते. २०१४ पासून कमीत कमी हजार ठरवलं, तिथंच अडलं. साडेसात हजार करा म्हनून आमी दर हिवाळी अधिवेशनाले बसतो, कोनीतरी येते, निवेदन घेते, फोटो काढते. बायको अडुसष्टची, लाडकी बहीण पासष्टवर थांबते, तं थे बी नाई. आमी दोघं ना धड कामगार, ना धड लाभार्थी. आमचं मत मागाले बी यंदा कोनी आलं नाई, वार्डातला पोट्टा स्लिप टाकून गेला दाराखालून.

---

इंदोरा_पूल · सकाळी ९:२०

काकांना जय भीम. सगळं वाचलं, चांगलं चाललंय, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून बोलतो.

पंधराशे रुपये आमच्या वस्तीतल्या बायकांच्या खात्यात पण आले होते. सगळ्यांचे फॉर्म भरले होते, मी स्वतः साठेक भरून दिले. आणि उत्तर नागपुरातून काँग्रेसच निवडून आली. पैसे तेच, खाती तीच, महिना तोच. मग पैशात विकले गेले हे गणित इथे काऊन नाही बसलं? ज्यांना ते गणित मांडायचं त्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

आमच्याकडे पोटाची काळजी कमी आहे असं नाही. उलट जास्त आहे. माझे वडील सफाईत होते, पक्के, आम्ही तीन भावंडं त्या पगारावर शिकलो. आज तेच काम, तेच रस्ते, पण भरती ठेकेदाराकडून. ठेकेदाराकडे ना बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची ते ठरवणारी यादी) ना आरक्षण. तीन पिढ्यांत पहिल्यांदा घरात पगारपत्रक आलं होतं ते एका पिढीत परत गेलं. त्यामुळे ठेकेदारी म्हणजे नुसता पगार कमी एवढंच नाही आमच्यासाठी, ती आरक्षण न हटवता आरक्षण संपवायची रीत आहे. आणि म्हणून लोकसभेला 'चारशे पार' ऐकल्यावर आमची माणसं संविधानाचं बोलली तर ती अडाणी भीती नव्हती. पगारपत्रकाचीच गोष्ट होती ती.

बाबासाहेबांनी १९३६ ला पहिला पक्ष काढला त्याचं नावच स्वतंत्र मजूर पक्ष होतं. मजूरमंत्री असताना कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यांच्याच काळात आली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ते बोलले होते की राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मूल्य असेल, पण सामाजिक-आर्थिक जगण्यात विषमता तशीच राहील, आणि हा विरोध लवकर काढला नाही तर ज्यांना झळ बसते ते ही लोकशाही उडवून देतील. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवाल्यांना त्या 'एक मूल्या'चाच त्रास होऊन राहिलाय असं मला वाटतं. बाईच्या मताचं मोल आणि मॅडमच्या मताचं मोल सारखं कसं, हे त्यांना पटतच नाही.

---

वर्धारोड_ते_डेट्रॉइट · सकाळी १०:०२

मी मूळ नागपूरचाच, सोळा वर्षांपासून मिशिगनमध्ये गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे. इथे रात्र आहे पण वाचून झोप येईना. तुम्ही जे बोलून राहिले त्यावर इथे दहा वर्षं झाली भांडण सुरू आहे.

२०१६ मध्ये ट्रम्प जिंकले ते मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांमुळे, आणि तिन्हीतला फरक मिळून ऐंशी हजार मतांच्या आत. ही सगळी जुन्या कारखान्यांची राज्यं. १९९४ ला मेक्सिकोशी व्यापार करार (नाफ्टा) लागू झाला, २००१ च्या शेवटी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि मग एकेक प्लांट बंद. मी आलो तेव्हा ज्या गावात पहिली नोकरी केली तिथे दोन शाळा एकत्र करून टाकल्या होत्या, मुलंच उरली नव्हती. २०१६ च्याच सप्टेंबरात, निवडणुकीच्या आधी, ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन एका निधी गोळा करायच्या कार्यक्रमात बोलल्या की ट्रम्पच्या अर्ध्या समर्थकांना 'डिप्लोरेबल' लोकांच्या टोपलीत टाकता येईल, म्हणजे धिक्कार करण्यालायक. दुसऱ्या दिवशी खेद व्यक्त केला, पण आमच्या प्लांटमध्ये आठवड्याभरात लोक तो शब्द छापलेले टीशर्ट घालून आले. नाफ्टावर ते इतक्या त्वेषानं कधी बोलले नव्हते.

मग अभ्यासकांचे दोन तट पडले. एक म्हणतात कारखाने गेले म्हणून लोक फिरले. दुसरे म्हणतात नाही, २०१८ मध्ये डायना मट्झ म्हणून प्राध्यापिका आहेत त्यांनी मांडलं की स्वतःच्या खिशाच्या अडचणीपेक्षा आपली समाजातली जागा घसरते आहे ही भावना जास्त कामाची ठरली. मला दोन्हींत थोडं थोडं खरं दिसतं, आणि इंदोऱ्याच्या भाऊंनी जो मुद्दा काढला तो इथेही तसाच आहे. डेट्रॉइट शहरातल्या काळ्या कामगारांचेही तेच प्लांट बंद झाले, त्यांचं जास्तच नुकसान झालं, आणि त्यांनी ट्रम्पला मत दिलं नाही. पोटाची आग सारखी असून वाट वेगळी. कारण दोघांच्या आठवणी वेगळ्या आहेत, कोणत्या पार्टीनं आपल्याला माणूस मानलं त्याच्या.

पण इथे 'वर्किंग क्लासची आर्थिक चिंता' हे शब्द फक्त गोऱ्या कामगारासाठी वापरतात, काळ्याची कोणी चिंता म्हणत नाही, त्याची मागणी म्हणतात. नागपुरात पण पहा, २०२४ मध्ये शेतकऱ्याच्या सोयाबीनला क्विंटलला ४८९२ चा हमीभाव असून बाजारात हजार रुपये कमी मिळाले तर आपण त्याला संकट म्हटलं. आणि मोलकरणीनं दोनशे वाढवून मागितले तर?

---

बुटीबोरी_युनिट · दुपारी १:४४

@रामबागची ताई, तुमचं वाचून मी काल बायकोला विचारलं आमच्याकडे येणाऱ्या ताईंना किती देतो आणि कधीपासून. २०२२ पासून तेच आहेत. या महिन्यापासून वाढवले. यात मोठेपणा नाही माझा, उशीर झाला आहे.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही. इंदोऱ्याच्या भाऊंचा हिशोब मान्य, विकले गेले हा शब्द मी परत घेतो. पण खात्यात पैसे टाकून रोजगाराचा सवाल मागे पडतो हे तर खरं आहे ना? बिलं अडकली तर लहान कारखाना मरतो आणि त्याच्याबरोबर चौदा घरं. त्या चौदा घरांच्या बाजूनं कोणती पार्टी बोलून राहिली, सांगा. दोन्हीकडून मला शून्य दिसतं.

---

हिंगणा_शिफ्ट · रात्री ९:१५

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. बुटीबोरीच्या भाऊ, तुमच्या सवालाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण काकांनी ते गेटचं सांगितलं ना, मला वाटतं त्यातच कुठेतरी आहे. तुमची चौदा माणसं, माझ्या लाइनवरचे साठ, रामबागच्या ताईंची आई, हे सगळे एका जागी कधीच उभे राहत नाहीत. कारखान्यात पक्के वेगळे, ठेकेदारीचे वेगळे, त्यात तीन ठेकेदारांचे तीन रंगाचे टीशर्ट. पाळी सुटली की सगळे आपापल्या गाडीला किक मारून निघतात. नेता येऊन उभा राहीलही, पण ऐकायला कोण थांबेल, आणि थांबला तर दुसऱ्या दिवशी ठेकेदार विचारतो काऊन थांबला होता. आता कारखान्यात बारा तासांची पाळी करायला पण परवानगी देऊन राहिले, मग तर थांबायला अंगात जीवच नाही उरणार.

महापालिकेचं पण तसंच. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हता. नाली तुंबली तर कोणाला बोलायचं ते वानाडोंगरीपासून वाठोड्यापर्यंत कोणालाच माहीत नव्हतं, वानाडोंगरी तर महापालिकेत पण नाही म्हणा. मग लोक ज्याच्या दारी जाता येतं त्याच्या दारी जातात.

त्या माझ्या माणसाचं सांगायचं राहिलं. काल त्याचं पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून दिलं. अकरा वर्षांत चार वेगवेगळे खाते नंबर, आणि मधले सात महिने पगारातून कापले पण भरलेच नाहीत. तो बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्या सात महिन्यांत मी कामावर नव्हतोच का?"

काका, एक विचारायचं होतं, राग नसावा. २००२ ला मिल बंद झाली, तुम्ही जन्मभर लाल बावट्याचे. त्यानंतरच्या निवडणुकीत मत कोणाला दिलं?

---

भोंगा_१८७७ · सकाळी ५:५०

राग कायचा. सांगतो.

मिल बंद झाल्यावर मी दोन वर्षं रामदासपेठेत एका बिल्डिंगीवर गार्डची ड्युटी केली, रात्रीची. युनियनचे लोक पांगले, कोनी भाजीचा ठेला लावला, कोनी गावी गेलं. हिशोबाचे पैसे भेटाचे होते थे अडकले. पह्यले दर आठवड्याले ऑफिसात जात होतो, मंग कुलूपच दिसाले लागलं.

एक दिवस रात्री दीड वाजता बायकोच्या पोटात दुखाले लागलं. मी ड्युटीवर. पोरगं सायकलनं सांगाले आलं. ऑटोवाला यायले तयार नाई. तं वार्डातला एक पोट्टा होता, त्याच्या पार्टीले आमी जन्मभर शिव्या देल्या, मीटिंगमंदी बी आनि घरी बी. थो उठला, आपल्या गाडीवर बसवून तिले सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टरले भांडून भरती करून देलं, सकाळी सातपर्यंत बाकड्यावर बसून राह्यला. मी ड्युटी सुटल्यावर पोचलो तं त्यानं मले चहा आनून देला. पार्टीचं नाव बी नाई काढलं.

२००४ ले मी त्याच्या पार्टीले मत देलं. बटन दाबतानी हात थरथरला, बाप आठवला. घरी येऊन बायकोले सांगतलं. थे म्हने, मी तं मागच्याच खेपेले देलं होतं.